खपली गव्हाची कोण?

डॉक्टरांनी गहू बंद केला, तेव्हा मला चपातीचं काडीचंही वाईट वाटलं नाही. ज्वारीच्या भाकरीच्या सोलापुरात राहून चपातीसाठी रडायचं म्हणजे कमालच. माझं अडलं ते सकाळच्या खाण्यापाशी. ऑफिसची घाई, हातात दुधाची वाटी, त्यात टाकायला काहीतरी कुरकुरीत हवं. ग्लूटेन-फ्री ग्रॅनोलाची पाकिटं आणून पाहिली. परवडणारं होतं ते भुशासारखं लागायचं, आणि चवीचं होतं ते रोज खायला आम्ही काही साखर कारखानदार नव्हतो.

"ह्या भुश्शासाटी एवढं पैसं?" सासूबाई पाकीट उलटंपालटं करत म्हणाल्या. "मी करते की."

त्यांनी केलंही. शेंगदाणे, तीळ, खोबरं, गुळाचा पाक आणि कसलीशी खमंग भरड. मी दोन वाट्या हाणल्या. दुसऱ्या दिवशी पोट असं बिघडलं की ऑफिस बुडालं.

"आई, यात गहू घातला होता का?"

"गव्हाला हातबी लावला न्हाय. खपली भाजून भरडली हुती."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे गहू तो चपातीचा. खपली खिरीची, हुग्गीची. तिला गहू कोण म्हणतं? हसू येत होतं आणि रागही. "खपली गव्हाची सख्खी बहीण आहे, आई," मी जरा तोडूनच बोलले.

त्या दिवसापासून त्यांनी मला वाढणंच सोडलं. "तुजं तूच घे बाई. माज्या हाताचा भरवसा न्हाय." लग्न झाल्यापासून मी त्यांच्याच हातचं खात आले. पोटदुखी बरी झाली, पण हे दुखत राहिलं.

मग एका रविवारी मीच ज्वारीच्या लाह्या फोडायला घेतल्या. अर्ध्या फुटल्या, अर्ध्या करपल्या. गुळाचा पाक इतका कडक झाला की उलथनं त्यातच रुतून बसलं. बाहेर मेथी निवडत बसलेल्या सासूबाईंना वास गेला. त्यांनी येऊन मला कोपरानं बाजूला सारलं, कढई घासून पुन्हा चढवली आणि एकेका डब्याची चौकशी सुरू केली.

"ज्वारी गव्हाची कोण?"

"कुणी नाही."

"आन् तीळ?"

"कुणीच नाही, आई."

"नक्की न्हवं?"

झालं ते इतकं झकास की पाकीटवाल्यांनी शिकवणी लावावी. आता डबा रिकामा व्हायच्या आत त्या नवा घाणा करतात. पण वाढायचं म्हटलं की डबा माझ्यापुढे सरकवतात. "तूच घे."

परवा सकाळी शेजारच्या काकू बिस्किटं घेऊन आल्या. "सूनबाईला चालतील. यात गहू नाही, खपली आहे."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई कडाडल्या, "गव्हाची सख्खी भैन हाय ती! एवढंबी ठावं न्हाय व्हय तुमास्नी?"

काकू ओशाळल्या. मी हसू दाबत मान खाली घातली. सासूबाईंनी तरातरा येऊन डबा उघडला आणि मला न विचारताच माझ्या वाटीत मूठभर घातलं.