वादळापुढं नेलेलं बियाणं

गारखेड्यातून स्कूटी बाहेर काढली तेव्हा आभाळात ढगाचं एक ठिगळही नव्हतं. मे महिन्याचं ऊन सकाळीच डोक्यात शिरत होतं. टीव्हीवर मात्र वादळ होतं. अरबी समुद्रात, हंगामाच्या बरंच आधी उठलेलं, आणि कुठं जायचं ते न ठरलेलं.

नकाशावर अशा वादळाच्या तोंडापुढं एक पांढरा पंखा काढतात. वादळ या पंख्यात कुठंही जाऊ शकतं, असा त्याचा अर्थ. त्या सकाळी पंख्याच्या एका टोकाला गुजरात होता आणि दुसऱ्या टोकाला आम्ही. निवेदक बंदरांबद्दल बोलला, होड्यांबद्दल बोलला, किनाऱ्यावरच्या हॉटेलांबद्दलही बोलला. आमचा अख्खा जिल्हा पंख्याच्या पोटात होता आणि त्याचं नाव एकदाही निघालं नाही. आमच्या घरात फर्निचरपेक्षा सभा-मोर्चांच्या पत्रकांचे गठ्ठे जास्त. त्यांच्यावर बसूनच मी मुळाक्षरं गिरवली. ज्याचं नाव निघत नाही त्याच्याकडं जाऊन बघायचं, ही खोड तिथलीच. ज्या छोट्या मासिकात मी लिहिते त्याच्या संपादकांना कळवलं, की वादळ आत आलं तर त्याच्या वाटेवर जाऊन लिहीन.

"पाऊस येणार म्हटल्यावर लोक घरी येतात," आई दारातून म्हणाली. "तू निघालीस."

दौलताबादचा घाट चढून खुलताबादमार्गे वेरूळला आले. लेण्यांच्या रस्त्यावर गर्दी नव्हती. चहाच्या टपरीवर दोघं जण बाकावर पाय सोडून बसले होते. एकाच्या डोक्याला उपरणं, दुसऱ्याच्या खांद्यावर लिंबांची पिशवी.

"कुठवर आलं म्हणं?" उपरण्यानं विचारलं.

"कोण, जावई?"

"वादळ, रं!"

"सकाळी सुरतेला चाललं होतं. आता नाशिकला वळलं म्हणतेत."

टपरीवाले चाचा गाळणी झटकत म्हणाले, "उसकू खुद रस्ता नै मालूम. तुमकू कैसा मालूम हुआ?"

सगळे हसले. मीही हसले. पण फोन काढून पाहिला, तर पंखा खरंच सरकला होता. मधली दांडी आता नाशिकवरून वैजापूर आणि कन्नडच्या दिशेनं येत होती. कसाबखेड्याच्या फाट्यावर मी देवगाव रंगारीचा रस्ता धरला. तिथं माझी सरूआत्या राहते. तिच्याकडं जेवून पुढं वैजापूर गाठायचं, असा बेत होता.

आत्या जिन्याच्या तोंडाशीच भेटली. घामाघूम, पदर कमरेला खोचलेला.

"आलीस का, पत्रकबाई? चप्पल काढ अन् वर ये. भाकरी मागून."

गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर डोंगळे वाळत घातले होते. डोंगळे म्हणजे कांद्याच्या दांड्यावर येणारे गोल गोंडे. त्यांच्यात काळं, बारीक बी असतं. कांदा खायला लावला तर काही महिन्यांत निघतो, पण बी धरायचं तर निवडलेले कांदे पुन्हा जमिनीत लावून त्यांना फुलू द्यावं लागतं. म्हणजे दोन हंगामांचं काम. आत्या ते सासूच्या काळापासून करते आहे. दुकानातल्या पाकिटात हा वाण मिळत नाही. तांबूस, चपटा, लवकर न सडणारा कांदा. गावातली निम्मी घरं त्याच बियावर कांदा करतात.

आणि ते बी आत्या विकत नाही. उसनं देते. ज्यानं नेलं त्यानं पुढं स्वतःचं बी धरलं, की नेलं तेवढं परत करायचं आणि वर एक मूठ. ती मूठ पुढच्या नव्या माणसाला जाते. लिहून कुणीच ठेवत नाही. मला ही पद्धत लहानपणापासून माहीत होती, तरी दर वेळी मनातून सलामी द्यावीशी वाटते. ज्या गोष्टीसाठी आम्ही शहरात सभा घेतो, ती इथं पदराला हात पुसत चाललेली असते.

"अजून दोन उन्हं लागतेत," आत्या एक गोंडा तळहातावर चोळत म्हणाली. बी सुटत नव्हतं. "भिजलं तर गेलं. अन् घरात ढीग घातला तर तापतंय, बुरशी धरतंय. पातळ पसरायला एवढी जागा कुठून आणू? खाली पत्र्याचं छप्पर. ते तर पहिल्या वाऱ्यात उडंल."

"पण वादळ येईलच असं नाही, आत्या. पंखा सकाळपासून तीनदा हललाय."

"त्याचा पंखा हलतो, त्याचं काय जातंय? आलं नाय तरी उचलून माझं नुकसान, आलं तर न उचलून माझं नुकसान. वरून सांगणारा सांगून मोकळा."

पत्रकात छापावं असं वाक्य होतं. मी तसं म्हटल्यावर आत्या म्हणाली, "छाप मागून. आता तिकडून धर."

तिनं ठरवून टाकलं होतं. डोंगळे घराघरांत वाटायचे. ज्याची खोली कोरडी त्यानं थोडे न्यायचे, जमिनीवर पातळ पसरायचे, वादळ सरलं की परत आणायचे. तासाभरात बायका, पुरुष, एक रिटायर्ड कंडक्टर, सगळे साड्यांची गाठोडी करून न्यायला लागले. थट्टाही चालली होती. "लग्नाच्या आहेरासारखं काय नेतेस गं?" "तुझ्या घरात बायको मावत नाय, डोंगळं कुठं मावतील?"

मग आत्याच्या मनात दुसरी शंका आली. वादळाच्या वाटेत सगळं गावच आलं तर? घरं कितीही असोत, आभाळ एकच. एक गाठोडं गावाबाहेर जायला हवं, लांब. नकाशावर दांडीभोवतीची वैजापूर-कन्नडची पट्टी गडद होती आणि अजिंठ्याचा डोंगर मोकळा. फर्दापूरला तिची मानलेली बहीण होती, जैबुनखाला. खालाचे मालक एसटीत ड्रायव्हर होते. कन्नड डेपोत असताना त्या आत्याच्या शेजारी राहायच्या. आता त्यांचा मुलगा सलीम लेणी पाहायला येणाऱ्यांसाठी खोल्या चालवतो.

"तू जातीस," आत्या म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"मी वैजापूरला चाललेय. वादळाकडं."

"वादळाकडं जाऊन काय करशील, मुलाखत घेशील?"

तिनं सर्वांत चांगले, भरलेले गोंडे निवडून सुती साडीत बांधले. घट्ट नाही, हवा जाईल असे. "प्लास्टिक गुंडाळू नको. घामानं मरतंय," एवढंच बजावलं. बाजरीची भाकरी, ठेचा आणि आमरसाची वाटी जिन्यात उभ्यानंच खाल्ली. मग गाठोडं पायांपाशी ठेवून मी निघाले. वादळ गाठायला आलेली मी आता त्याच्यापासून लांब पळत होते.

कन्नड सोडल्यावर पिशोरच्या बाजूला रस्ता मोकळा होतो. नांगरून ठेवलेली काळी शिवारं, बांधावरची कडुलिंबं, उन्हात थरथरणारी हवा. जागोजागी लोक काही ना काही झाकत होते. कुणी मक्याच्या ढिगावर ताडपत्री ओढत होतं, कुणी कांद्याच्या चाळीला (हवा खेळती राहील अशा साठवणीच्या कुडाला) साड्या बांधत होतं. आणि त्यांच्याच शेजारी दुसरं कुणी तेच उघडं टाकून निवांत तंबाखू मळत होतं. दोघांनाही वेड्यात काढता येत नव्हतं.

सिल्लोडच्या बसस्थानकापाशी पाणी प्यायला थांबले. फोन पाहिला. पंखा पुन्हा सरकला होता. दांडी आता वर, जळगावच्या अंगाला गेली होती. अजिंठ्याचा डोंगर गडद पट्ट्यात आला होता. देवगाव कडेला राहिलं होतं.

आत्याला फोन लावला. "मागं फिरू का?"

 पलीकडं तिच्या मागून कुणीतरी म्हणत होतं, "फिरव, फिरव तिला." मग आत्याचा आवाज आला. "तू फिरशील अन् त्यो बी फिरंल. किती पळशील? जैबुनकडं पक्कं छत हाय. जा."

तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. निर्णय चुकतोय हे कळत असताना माणूस जसा बोलतो, तसा होता.

अजिंठा गावाच्या पुढं घाटाच्या तोंडाशी आले आणि समोरचं आभाळ पाहून स्कूटी आपोआप मंदावली. खाली फर्दापूरकडची सपाटी पिवळट दिसत होती आणि तिच्यावर जांभळट, जवळजवळ काळा पडदा. वारा आला तो धूळ घेऊनच. एका वळणावर स्कूटी कलंडली. मी आणि गाठोडं दोघंही रस्त्याच्या कडेला. लागलं नाही फारसं, पण उठेपर्यंत थेंब सुरू झाले. मोठे, तिरपे. जवळ रेनकोट होता. तो गाठोड्यावर घालू की नको? प्लास्टिक नको म्हणाली होती, पण भिजलं तर गेलं, असंही म्हणाली होती. शेवटी ओढणी काढून वर टाकली, स्कूटी उचलली, गाठोडं मांडीवर घेऊन पोटाशी दाबलं आणि वाकून उतार उतरले. माझा उपयोग छपराइतकासुद्धा झाला नाही.

जैबुनखाला दारात उभ्याच होत्या. माझ्याकडं न बघता त्यांनी आधी गाठोडं घेतलं.

"या अल्ला, पूरा भिगाया! अगे, पोरीच्या जातीनं एवढं तरी सांभाळायचं!"

"खाला, वारा..."

"वाऱ्याकू क्या बोलूं मैं? सलीम! खोल्या खोल!"

वादळाच्या बातम्यांनी पर्यटकांची आरक्षणं रद्द झाली होती. सगळ्या खोल्या रिकाम्या. सलीमनं गाद्यांवरच्या धुतलेल्या पांढऱ्या चादरी जमिनीवर अंथरल्या आणि आम्ही गोंडे एकेक करून, एकमेकांना न भिडतील असे मांडत गेलो. वरचे आणि कडेचे ओले होते, आतले दमट. तेवढ्यात वीज गेली आणि पंखे थांबले.

"अम्मी, ये मेहमान भाडा देंगे क्या?" सलीमनं विचारलं.

"तू चूप बैठ, पुठ्ठा ले अन् हवा कर."

बाहेर पत्रे वाजत होते, एक फांदी कडाडून अंगणात पडली. आत आम्ही तिघं पुठ्ठ्यांनी डोंगळ्यांना वारा घालत होतो. वाऱ्यापासून वाचवून आणलेल्यांना वारा. हात भरून आले की खाला गोष्ट सांगायच्या. कन्नडला त्यांचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा आत्यानं महिनाभर दोन्ही घरच्या भाकरी थापल्या होत्या. "तुझी आत्या तोंडाची लई खराब," त्या म्हणाल्या, "लेकिन उसका माल मेरे घर में खराब हुआ, ये मैं कैसा सुनूं?" त्यांचे दीर सोयगावकडं कांदा करायचे, याच बियाचा. रात्री दाळखिचडी आणि कच्चा कांदा खाल्ला. 

सकाळी आभाळ धुतलेलं. दोन विजेचे खांब आडवे, केळीच्या बागा जमिनीला टेकलेल्या. वादळ इथूनच गेलं होतं, तेही समुद्रातला जोर संपल्यावर. बातम्यांत मात्र 'धोका टळला' असं चाललं होतं. ज्यांचा टळला, त्यांचा. आत्याला फोन केला. देवगावला चार थेंबही पडले नव्हते.

डोंगळ्यांना उन्हात हात फिरवून पुन्हा बांधलं आणि परत फिरले. देवगावच्या गच्चीवर घराघरांतून परत आलेलं बी पसरलेलं होतं. कोरडं, खुळखुळणारं. एक कंडक्टरकाका सोडले तर सगळ्यांनी नीट आणलं होतं. त्यांनी कौतुकानं टेबलफॅन लावला होता आणि निम्मं बी सुटून पलंगाखाली उडालं होतं. ते झाडूनं गोळा करून, चाळून आणून दिलं म्हणे.

माझं गाठोडं आत्यानं त्यांत मिसळलं नाही. वेगळं वाळवलं, चोळलं आणि त्यातलं थोडं बी, कितपत उगवतंय ते बघायला, ओल्या फडक्यात बांधून माठाजवळ ठेवलं. मी वैजापूरला गेले नाही. बघायला तिथं काही उरलंही नव्हतं. फडकं उघडेपर्यंत थांबले. ते दिवस वाईट गेले. आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. ती रोज चहा देताना फडक्यावर पाणी शिंपडायची आणि काही बोलायची नाही.

उघडलं तेव्हा काही बियांना पांढरे कोंब होते, वाकडे, धाग्यासारखे. बाकीचं बी फुगून तसंच. निम्म्याला निम्मं.

खळ्यात दोघं-तिघं आले होते. एक म्हणाला, "चालतंय की वहिनी. जास्त टाकायचं. बाकीच्यात मिसळून द्या, कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," आत्या म्हणाली. "ते गाठोडं म्या धाडलं. नकाशा बघून, माझ्या हातानं. चांगलं बी लोकायला जाईल. हे माझ्या वाफ्यात."

"अन् उगवलं नाय तर?"

"तर माझा वाफा मोकळा राहील. तुझा कामून राहावा?"

 कंडक्टरकाकांनी टोपी काढून पुन्हा घातली.

शहरात परतल्यावर संपादकांनी विचारलं, वादळ सापडलं का. मी म्हटलं, सापडलं, पण नकाशात नाही. वादळाचा रस्ता आधी कुणालाच ठाऊक नसतो, हे मला मान्य आहे. पंखा काढणाऱ्याचा त्यात दोष नाही. तो रोज प्रामाणिकपणे सरकवतो. माझं भांडण त्याच्या पुढच्या लोकांशी आहे. अंदाजावर दुसऱ्यांना उठवणारे, बसवणारे, धावायला लावणारे, आणि अंदाज चुकला की त्याची ओल दुसऱ्याच्याच घरात सोडून पुढच्या बातमीकडं वळणारे. असा एक तरी माणूस चुकलेलं बी स्वतःच्या वाफ्यात टाकताना मला दाखवा.

आत्यानं ते टाकलंय. काल तिचा फोन आला होता. वाफ्यात मध्ये मध्ये रिकामं दिसतंय म्हणाली, पण जे आलंय ते हिरवंगार आहे, आणि त्यातलेच कांदे ती पुढच्या बियाला निवडणार आहे.