मामीचा हातगुण

मूल तालुक्यातल्या एका खेड्यातली माझी मामी भेटायला आलेल्या माणसाआधी त्याच्या शेळीची चौकशी करायची. मी सुट्टीत चंद्रपूरहून गेले, की माझ्याकडे शेळी नसल्यामुळे आमचं बोलणं तिथेच थांबायचं. मला ते सोयीचं होतं. मी मुळात फारशी बोलत नसे.

गावात कोणाची गाय, शेळी अडली की मामीला बोलावणं येई. कोपरापर्यंत तेल चोपडून ती हात आत घाले, वासरू फिरवे, वासरामागे आत अडकलेली वार अलगद सोडवून घेई. "हातगुण हाये बाईले," लोक म्हणत. एकदा मी तिच्यासाठी रबरी हातमोजे नेले, तर हसून म्हणाली, "मोजे घालून तू भात खाशीन काय वं? मले आतलं बोटानंच दिसते."

मग तिला ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामाने उतरायचा. आमच्या भागात ताप म्हणजे हिवताप, हे ठरलेलं. ती गोळ्या खायची आणि पुन्हा कोणाच्या तरी गोठ्यात जायची. बोटं वळेनाशी झाली, कंबर धरली, तेव्हा चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "घरी जनावरं आहेत?" ब्रुसेलोसिस निघाला. गाभ टाकलेल्या जनावराच्या वारेतून, कच्च्या दुधातून माणसात येणारा. पुढे गावात रक्ततपासणी झाली, तर गोठा असलेल्या घरोघरी त्याच्या खुणा सापडल्या. कित्येकांना आपल्याला ताप कधी आला होता, हेही आठवत नव्हतं.

मामीला वाटलं, आता सगळे सांभाळून राहतील. लोकांनी वेगळाच अर्थ काढला. शेजारची सुमित्रा तोंडावर म्हणाली, "तुह्याच हातानं फिरला वं हा रोग." मामीला येणारी बोलावणी बंद झाली.

गेल्या उन्हाळ्यात मी गेले, त्या दुपारी सुमित्राची शेळी विताना अडून ओरडत होती. मामी त्या ओरडण्यावरूनच ओळखून कुंपणाशी गेली. "पिल्लू आडवं हाये वं सुमित्रे! हात नाई लावत मी, इथूनच सांगतो!" गोठ्याचं दार आतून लागलं. तरी ती त्या दाराला सांगत राहिली, "मुंडकं मांगं लोट... आता पाय धर..." न वळणारी बोटं हवेत हलत होती.

शेळी गप्प झाली.

"पिल्लू ओरडलं काय वं?" तिने मला विचारलं.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. "ओरडलं," मी म्हणाले.

"मंग नाक पुस म्हणा त्याचं," मामी दाराकडे पाहत घाईने म्हणाली, "लवकर पुस म्हणा."