करंट गेला की रडणारी पोर

सगळ्यात आधी आक्कांचं, बाकीचं मागनं. नाव लिहू नकोस म्हणून त्यांनी बजावलंय, म्हणून नुसतं आक्का लिहितो. बेळगावच्या वडगावात त्यांचे चार माग आहेत, करंटवर चालणारे, साड्यांचे. मी त्यांच्याकडं मागावर असतो आणि शेडला लागून त्यांचीच एक खोली आहे, तिथं आम्ही तिघं राहतो. मी, बायको आणि मुलगी. मुलगी आज आमच्यापाशी आहे ती आक्कांमुळं. एवढं सांगून टाकलं की पुढचं लिहायला मी मोकळा.

मी कणकुंबीकडच्या रानातल्या गावचा. आठवीत शाळा सोडली, मग थोडे दिवस काजू, थोडे दिवस गवंड्याच्या हाताखाली, आणि मग बेळगाव. आमच्या सात पिढ्यांत कुणी माग बघितलेला नव्हता. गल्लीतले लोक पहिल्यांदा हसायचे, शेतकऱ्याच्या पोराला धोटा काय कळतोय म्हणायचे. आक्कांनी तुटलेला धागा जोडायला शिकवला, तोही चालत्या बोलण्यात, जणू काय मला येतच होतं. बायको कंग्राळीची. तीपण शेतकऱ्याचीच लेक, पण तिनं कांड्या भरायचं काम माझ्या आधी उचललं. मागात आडव्या पळणाऱ्या धोट्यात जी सुताची कांडी बसते ती भरायचं काम. शेडच्या कोपऱ्यात ती कांड्या भरत बसायची आणि तिच्या शेजारी वरच्या वाशाला झोळी. झोळी आक्कांच्या जुन्या साडीची, त्यांनीच बांधलेली. चार माग खडाखडा चालू आणि त्यात आमची पोर झोपलेली.

आता यावर लोकांचं म्हणणं काय असतं ते मला पाठ आहे. मागाच्या खोलीत पोर वाढवायचं असतं का? धूळ, आवाज, सुताचा बारीक कापूस. म्हणणारे बरोबरच म्हणतात. पण म्हणून पोर दुसऱ्याच्या घरात वाढवायचं, हे मला कधी पटलं नाही आणि पटणार नाही.

पटवायला निघाली होती माझी आई.

दर आठवड्याला फोन. "पोर बहिरी हुईल रं. कानाजवळ चोवीस तास खडखड." मग या वर्षी शिमग्याच्या आधी तिनं ठरवूनच टाकलं. "शिमग्याला या. पोरीला हितं ठेवा. पावसाळा सरला की न्या. तुझ्या भावाची दोन्ही हितंच वाढली, काय झालं त्यास्नी?"

मी म्हणालो, "बघू."

आमच्या घरात बघू म्हणणारा माणूस म्हणजे न्हाय म्हणायचा धीर नसलेला माणूस. आईनं ते हो धरलं. बायकोनंही हो धरलं.

"तुमच्या बघूनं माझी पोरगी गेली," पिशवी भरताना ती म्हणाली.

"गेली कुठं? कोण ठेवून घेतंय?"

"मग त्यांच्या तोंडावर सांगा. मी सांगणार न्हाय. मी सांगितलं तर सून तोंडाळ, आणि तुम्ही सांगितलं तर लेक शाणा झाला म्हणतील."

खरं सांगायचं तर भीती मलाही होती. मी मुळात घाबरट. झोळीची गाठ जाता येता ओढून बघणारा. पोर झोपली असली तरी नाकापुढं बोट धरणारा. आई बहिरी हुईल म्हणाली की मी पोरीच्या मागं जाऊन टाळी वाजवायचो. ती वळायची. तरी दुसऱ्या दिवशी परत वाजवायचो. पाऊल टाकायला लागलेली पोर, बापाला खूळ लागलंय असं बघायची.

गेलो शिमग्याला. काजूला बोंडं लागलेली, पांगारा फुललेला, घाटातनं येणारा वारा गार. दुपारी आमचं रान इतकं गप्प असतं की फणसाचं वाळकं पान पडलं तरी माणूस मान वळवून बघतो. पोर खुशीत होती, कोंबड्यांच्या मागं, वासराच्या मागं. दुपार झाली, डोळे चोळायला लागली, आणि रडायला सुरुवात केली ती थांबेनाच. मांडीवर नाही, झोळीत नाही, खांद्यावर नाही. झोप डोळ्यांवर आलेली दिसत होती आणि लागत नव्हती.

आईनं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी गुटी उगाळली. देवळातला अंगारा लावला. पोर तशीच, आता आवाज बसलेला. मग आईनं बोलणं बायकोवर आणलं.

"आईचा जीव थाऱ्यावर न्हाय. ते पोराला कळतंय."

बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "थारा काढून घ्यायलाय, मग जीव कशावर ठेवू?"

भाकरी तव्यावर पडली त्याचा आवाज जरा मोठाच आला. आई माझ्याकडं बघत म्हणाली, "चार दिवसांत सवय हुईल पोरीला. तुम्ही गेल्यावर लवकर हुईल."

ते वाक्य मला लागलं. आम्ही गेल्यावर लवकर होईल म्हणजे पोर आम्हाला विसरेल तेव्हा होईल.

आमच्या गावात फोन लागतो तो रस्त्याच्या वरच्या चढावर, काजूच्या बागेच्या कडेला. होळीच्या दिवशी दुपारी पोरीला खांद्यावर टाकून मी चढ चढलो. तिला वारा लागेल आणि आक्कांना सांगता येईल की एक दिवस उशिरा येतो. पोर रडतच होती. फोन लागला, आक्का शेडमध्येच होत्या, मागं चारी माग चालू.

"आं? मोठ्यानं बोल रं!"

पोर गप्प झाली. एकदम. अंगठा तोंडात घातला.

"थांब, भाईर येते," आक्का म्हणाल्या. मागांचा आवाज बारीक झाला, आणि इकडं पोरीनं परत सूर लावला.

"आक्का, परत आत जावा."

"काय?"

"आत जावा म्हंतो. मागापाशी हुबं ऱ्हावा. बोलू नका कायबी."

"मालकीण मी हाय का तू?"

पण गेल्या. मी फोन पोरीजवळ धरला, कानापासनं जरा लांब. खटाखट, खटाखट. पोरीची मान माझ्या खांद्यावर कलंडली. श्वास जड झाला. दोन दिवस डोळ्याला डोळा न लागलेली पोर रस्त्याच्या कडेला, उन्हात, बापाच्या खांद्यावर झोपली.

आक्कांना सांगितलं तर हसायलाच लागल्या. "अरं खुळ्या! आमच्या गल्लीत करंट गेला की घराघरात पोरं रडतात. माझी चारी तशीच. माग थांबला की जागी, माग सुरू झाला की गार. एवढं तुझ्या टकुऱ्यात आलं न्हाय?"

"हितं अंगारा लावायलेत, आक्का."

"अंगाऱ्याला काय धोटा हाय?"

खाली येऊन सांगितलं. बायको पहिल्यांदा हसली, मग तोंडाला पदर लावून रडली. आईला काही पटेना.

"मागाच्या आवाजाला पोर निजतंय व्हय? उद्या म्हणशील भात नको, सूतच खातीया."

"चल वर. तूच बघ."

आली. गुडघ्यावर हात ठेवत, सगळा चढ बोलत आली. फोन लावला, तर आधी बोलायला लागली तीच.

"व्हय बाई, तुमच्या मागापायी पोरीचं कान गेलं तर कोण आणून देणार?"

मी जवळ उभा होतो. पलीकडनं नुसते माग ऐकू येत होते. आक्का एवढा वेळ गप्प कधी राहत नाहीत. मग म्हणाल्या, "भ्या तुमचं खरं हाय. मी न्हाय म्हणत न्हाय. झोळी शेडमधनं काढते. पलीकडच्या माझ्या खोलीत बांधते, मधी भिंत ऱ्हाईल, आवाज बारीक यील. आणि पाडव्याच्या आत कान दाखवून आणू. मी सवता जाते संगं."

"आणि न्हाय जमलं तर?"

"न्हाय जमलं तर या आणि माझ्या झिंज्या धरा. पर पोराला आईपासनं तोडून कान वाचत न्हाईत, बाई. आईचा आवाज ऐकायलाच कान असतात की."

आईनं फोन माझ्या हातात दिला. "लई तोंडाळ बाई हाय," म्हणाली. पण उतरताना पोरीला तिनंच खांद्यावर घेतलं.

तरी आक्कांनी माझ्या वाटचं बोलून दिलं नव्हतं. ते मलाच बोलायचं होतं. संध्याकाळी अंगणात होळीची लाकडं रचत होते, भाऊ होता, शेजारी होते. आईनं सगळ्यांच्या देखत विषय काढला. मुद्दाम काढला. चार माणसांत मी गप्प बसतो हे तिला माहीत होतं.

"मग पोरीची कापडं हितंच ठेवून जावा."

"न्हाय आई. पोरगी आमच्यासंगं येणार."

"बघू म्हणालतास."

"बघितलं. न्हाय जमत."

"कुणी शिकवलं हे? त्या बाईनं?"

"कुणी न्हाय."

"आठवीत शाळा सोडलीस तवाबी असाच ताठ हुबा ऱ्हालतास. ऐकलास काय कुणाचं?"

"तवा शाळा सोडली. आता पोरगी सोडणार न्हाय."

बायको दारात उभी होती. तिनं पोरीची टोपी काढून परत नीट घातली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पिशव्या घेऊन निघालो तर आई ओसरीवर नवी साडी नेसून बसलेली. शेजारी तिची पिशवी.

"कुठं निघालीस?"

"तुमच्यासंगं. बघते की पोर कुठं निजती ती."

कानात घालायला कापूसपण घेतला होता तिनं. बसमध्ये बेळगाव येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पोरीला मात्र मांडीवरनं खाली ठेवलं नाही. बसच्या घरघरीनं पोर ढाराढूर. आई खिडकीबाहेर बघत बसली.

आक्कांनी शब्द पाळला होता. झोळी पलीकडच्या खोलीत, दारावर जाड गोधडी टांगलेली. आई शेडमध्ये जाऊन आली, कापूस घालून. मग झोळीपाशी बसली, कापूस काढून. भिंतीतनं आवाज यायचा तो पाटातलं पाणी वाहतंय तेवढाच. पोर झोपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी करंट गेला. चारी माग थांबले, शेजारचे थांबले, पलीकडच्या गल्लीतले थांबले. क्षणभर वडगाव कणकुंबीसारखं झालं. मग आमच्या पोरीनं रडायला सुरुवात केली. मग समोरच्या घरातलं पोर. मग कोपऱ्यावरचं. आई दाराबाहेर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगं बया! समदी गल्ली रडाय लागली की!"

आणि हसली. शेजारच्या बायका तिला बघून हसल्या. चुकलं वगैरे ती म्हणाली नाही, आमच्यात तसं म्हणत नाहीत. पण पाडव्यापर्यंत राहिली. आक्कांनी दिलेल्या नव्या साडीची गुढी तिनंच उभी केली, कडुनिंब मला आणायला लावला आणि आणलेला बारका आहे म्हणून परत पाठवला.

पाडव्याच्या आधीच आम्ही पोरीला दवाखान्यात नेलं होतं. मी, बायको आणि आक्का. डॉक्टरांनी पोरीच्या मागं उभं राहून बारीक घंटी वाजवली. एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं. पोर दोन्हीकडं वळली आणि घंटी मागायला लागली. कान चांगले आहेत म्हणाले. पण आवाजापासनं लांबच ठेवा, भिंत आहे ती राहू दे, परत दाखवायला आणा. मी हात जोडले. ते हात जोडायची गरज नाही म्हणाले, तरी मी जोडूनच होतो.

मग डॉक्टरांनी आक्कांना काहीतरी विचारलं. ते त्यांच्या डाव्या बाजूला उभे होते. आक्का पोरीकडं बघून हसत राहिल्या. डॉक्टरांनी परत विचारलं. आक्का तशाच. बायकोनं त्यांच्या हाताला हात लावला तेव्हा वळल्या. "आं?"

डॉक्टर म्हणाले, "किती वर्षं मागावर आहात?"

"माझं ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या. "पोरीचं झालं न्हवं? चला."

परत येताना रिक्षात मी आक्कांकडं बघत बसलो. मी त्यांच्याकडं इतकी वर्षं आहे. हाक मारली आणि त्यांनी ओ दिली नाही की मला वाटायचं, मागांचा आवाज. त्या माग बंद असतानापण मोठ्यानं बोलतात ते मला त्यांचा स्वभाव वाटायचा. चढावर फोन धरून उभी असलेली माझी आई कान जातील म्हणाली तेव्हा त्यांनी नुसतं भ्या तुमचं खरं हाय, एवढं म्हटलं होतं. स्वतःचं सांगून त्यांना मोकळं होता आलं असतं. सांगितलं असतं तर आईनं पोर सोडली नसती, हेही खरं.

आता आक्का म्हणतात, माझं सरलं, आता ऐकून काय करायचंय, गल्लीतली भांडणं? ते मी मानत नाही. आज माझ्याकडनं होत नाही, उद्या होईल, पण होणार. एक दिवस आक्कांना हाताला धरून त्याच दवाखान्यात नेणार, कानाला मशीन लागत असेल तर माझ्या कमाईतनं बसवणार. शिव्या देतील. देऊ देत.