बंदराच्या रांगेत बैल सोडले

मी चौथीपर्यंत शिकलोय. पण बारामती-इंदापूर रस्त्यावर माझ्या ट्रक चालवण्यात खोट काढणारा अजून जन्मायचाय.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या कारखान्याची साखर बोटीनं परदेशी निघाली होती. निमगाव केतकीच्या बाजारात मी चारचौघांत बोलून बसलो, "आपलं पहिलं पोतं बोटीवर चढंल ते माझ्याच गाडीतलं." बोललो ते बोललो.

बंदरावर पोचलो तेव्हा कारखान्याच्या गाड्यांत माझीच पुढं होती. मागं पिंपळीचा माझा सोबती, त्याच्या मागं बाकीचे. फाटकापर्यंत मात्र परक्या गाड्यांची लांब रांग. सगळ्यांची इंजिनं चालू. चार हात सरकायचं आणि तासभर धूर खात बसायचं.

तेवढ्यात बंदराच्या एक साहेबीणबाई आल्या. म्हणाल्या, "रांगेत इंजिन बंद ठेवायचं. जो चालू ठेवेल तो शेवटी जाईल."

मी म्हणालो, "बाई, आमच्याकडं कारखान्याच्या चिमणीतनं धूर निघाला की लोक पेढं वाटत्यात."

"काका, तुमच्या चिमणीखाली साखर तरी होते. ह्या उभ्या गाड्यांच्या धुराखाली काय होतं?"

त्या पुढं म्हणाल्या, असल्या धुरानं सगळी पृथ्वी तापत चाललीय, आणि बंदरानं धूर कमी करायचा शब्द दिलाय. शब्द दिलाय म्हटल्यावर मी वाद सोडला. शब्द मीही देऊन आलो होतो.

पण माझी अडचण निराळी. स्टार्टर आदल्या दिवशीच गेला होता, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. इंजिन बंद केलं तर पुन्हा धक्का मारावा लागणार, नाही केलं तर शेवटचा नंबर. सोबती खिडकीशी आला.

"तात्या, स्टार्टर गेलाय व्हय?"

"न्हाय."

"मग करा की बंद."

केलं बंद. आणि नेमकी रांग सरकली. मी तसाच बसून. मागनं हॉर्न वाजायला लागले.

तेव्हा मला कारखान्याचं आवार आठवलं. बैलगाडीनं ऊस घालायचो तेव्हा वजनकाट्यापुढं अशीच रांग असायची. बैल दिवसभर जुंपून कोण ठेवतो? ते सोडायचे, वैरण टाकायची. रांग सरकली की आजूबाजूच्या गाडीवानांनी मिळून गाडी पुढं ओढायची. आज तुझी, उद्या माझी.

मी खाली उतरलो. "बैल सोडल्यात मी. या ढकलायला."

सोबती म्हणाला, "तात्या, ही काय उसाची गाडी हाय?"

"साखर कशाची असती रं?"

हसत हसत दहाबारा जण आले. जमीन सपाट सिमेंटची. मी दार उघडं ठेवून एक हात स्टेअरिंगवर, खांदा चौकटीला लावला. गाडी हलली. चार हात गेलो, चाकाखाली दगड ठेवला. मग सोबत्याची ढकलली, मग त्याच्या मागची. नाशिककडचे ड्रायव्हर आधी टिंगल करत होते, मग तेही खाली उतरले. धूर निवळला तसा लांबचा समुद्र दिसला. तोवर तो आहे हेही ध्यानात नव्हतं.

एकदा बाईंनीही पदर खोचून मागं हात लावला.

"काका, सरकते का?"

"तुमीच अडवली, तुमीच ढकला."

फाटक बंद व्हायच्या आत पोचलो. आत बोटीच्या धक्क्यावर जायला मात्र गाडी चालू करणं भाग होतं. सगळ्यांनी धक्का मारला, मी क्लच सोडला, आणि एवढा काळा लोट निघाला तो थेट बाईंच्या अंगावर.

"तेवढा माफ करा," मी म्हणालो.

"केला. पण पुढच्या खेपेला स्टार्टर घालून या."

पहिलं पोतं माझ्याच गाडीतलं चढलं. सोबती म्हणाला, "पोतं तात्यांचं, घाम आमचा."

परतताना मी आधी स्टार्टर बसवला, मगच गावात शिरलो. बाजारात पोत्याचं तेवढं सांगितलं, स्टार्टरचं नाही. ते आज पहिल्यांदा लिहितोय. पण त्या हंगामापासनं कारखान्याच्या रांगेत कुणी ट्रॅक्टर चालू ठेवून उभा राहिला की मी आपला ओरडायचो, "बैल सोड की." आणि तो मुकाट्यानं बंद करायचा.