उभ्या गाडीचा ताप

साळवे गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कुर्ल्याला टायरच्या दुकानात घासाघीस करत होतो. माझा ड्रायव्हर धावत आला. म्हणाला, "शेठ, साळवे मिस्त्री गेले. सकाळी छातीत कळ आली, हॉस्पिटलात नेईपर्यंत..." मी ऐकून घेतलं आणि सौदा पुरा करूनच उठलो. हे झाकून ठेवता आलं असतं, पण साळवेवर लिहायला बसलो आहे तर स्वतःला सोवळा ठरवून चालणार नाही. बापाला गिरणीने घरी बसवल्यावर मी मरोळ नाक्यावर दुसऱ्यांच्या टॅक्स्या धुतल्या, मग चालवल्या, मग स्वतःच्या घेतल्या. आपणहून मला कुणी काही दिलं नाही. जे मिळालं ते भांडून. तो स्वभाव आता जायचा नाही.

गेले पाच आठवडे जो भेटतो तो मला सांगतो, साळवे किती गरीब स्वभावाचा होता. साफ खोटं आहे. साळवे तिरसट होता. प्रश्न विचारायचा आणि उत्तर अर्धवट आलं की तोच प्रश्न परत विचारायचा. गाडीला हात लावायच्या आधी गाडीवाल्याची उलटतपासणी. लोक त्याला गरीब म्हणतात, कारण हुशार म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही. परभणीकडून आलेला, गोवंडीच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा, कसलंही सर्टिफिकेट नसलेला माणूस आपल्यापेक्षा जास्त जाणतो, हे कबूल कोण करणार?

गोष्ट चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यातली. मी कर्ज काढून एक गाडी घेतली होती आणि अंधेरीतल्या एका मोठ्या वर्कशॉपमधून तिला एसी बसवून घेतला होता. सहार विमानतळावरून हॉटेलचे पाहुणे आणायचं काम त्या एसीच्या जोरावर मिळालं होतं. दोन महिने बरे गेले. मग एसीचा पुढचा पंखा जळाला, वर्कशॉपने नवा बसवला, आणि खेळ सुरू झाला. हायवेला गाडी बर्फासारखी थंड. साकीनाक्याला अडकली की पाच मिनिटांत इंजिनाच्या तापाचा काटा लाल रेघेवर आणि एसीतून गरम वाफा. टाय लावलेले पाहुणे घामाने निथळत उतरायचे. हॉटेलच्या मॅनेजरने बजावलं, आणखी एक तक्रार आली तर गाडी बंद.

वर्कशॉपच्या मालकांचं नाव लिहीत नाही. अंधेरीत ज्यांना कळायचं त्यांना कळेल. त्यांनी रेडिएटर साफ केला, दोनदा गॅस भरला, आणि शेवटी म्हणाले, "परब, हेड उघडावं लागेल. गॅसकेट गेलंय." म्हणजे इंजिन खोलायचं, गाडी आठवडाभर आडवी आणि हॉटेलचं काम दुसऱ्याच्या घशात. मी अंगणात येऊन शिव्या घालत होतो. तिथे एसी बसवणारा एक माणूस, हाच साळवे, हात पुसत माझ्याजवळ आला.

"शेठ, गाडी तापते कधी?"

"कधी म्हणजे? रोज तापते!"

"ते नाही विचारलं. धावताना का उभी असताना?"

"उभी असताना."

"आणि एसी?"

"तोही तेव्हाच मरतो. हायवेला झकास."

"मग इंजिनाने काय पाप केलंय? गॅसकेट गेलं असतं तर हायवेच्या चढावरही वाट लागली असती ना. उभ्या गाडीला बाहेरचा वारा नसतो, पंख्याचाच वारा. ताप तिथे आहे."

त्याने मला गाडी चालू करून एसी लावायला सांगितला. मग वर्तमानपत्राचा एक कागद घेऊन पुढच्या जाळीसमोर धरला आणि सोडला. पंख्याने वारा आत ढकलला तर कागद जाळीला चिकटायला हवा. तो उडाला आणि माझ्या पायाशी येऊन पडला. साळवे हसलाही नाही. नवा पंखा बसवताना दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. पंखा उलटा फिरत होता आणि वारा आत घ्यायच्या ऐवजी बाहेर फेकत होता. गाडी धावायला लागली की समोरचा वारा त्याला पुरून उरायचा. गाडी उभी राहिली की हा पंखा आणि इंजिनाचा पंखा यांची एकमेकांशी मारामारी.

"संध्याकाळी तारा बदलून देतो," तो हळूच म्हणाला. "हेड उघडू देऊ नका. पण शेठ, माझं नाव घेऊ नका. तारा मालकाच्या भाच्याने जोडल्यात."

मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. मग केबिनमध्ये गेलो. मालक मला इंजिनाचं शास्त्र शिकवायला लागले. शेवटी म्हणाले, "टॅक्सी धुणाऱ्याला यातलं काय कळतं?" माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून ओरडलो, "मला नसेल कळत, तुमच्याच साळवेला कळतं! जा, बाहेर कागद धरून बघा!"

मी जिंकलो. हेडचं काम रद्द झालं. आधीच्या गॅसचं बिलही मी तिथल्या तिथे माफ करून घेतलं. गाडी घेऊन निघालो तेव्हा साळवे नळावर हात धूत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. सोमवारी त्याला कामावर यायचं नाही म्हणून सांगितलं.

मला हे आठवड्याने कळलं. शोधत गोवंडीला गेलो. तो दारात बसून कानशीने काहीतरी घासत होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "माझ्याकडे ये. चार गाड्या आहेत, तू सांगशील तो पगार." आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याला आकडा सांगायला सांगत होतो.

"नको परब," तो म्हणाला. 'शेठ' गेलं, 'तुम्ही'ही गेलं. "तुझ्याकडे नोकरी केली तर उद्या कुणाशी भाव करताना परत माझंच नाव खर्चशील."

त्याने मरोळला रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली. माझ्या चारही गाड्या तिथे जायच्या आणि रांगेत उभ्या राहायच्या. मी भाव पाडायला लागलो की तो बॉनेट धाडकन बंद करायचा. "ने गाडी. त्या मोठ्या दुकानात हेड उघडून देतात." आजूबाजूचे ड्रायव्हर खदाखदा हसायचे. मी चडफडायचो आणि तिथेच थांबायचो. माझ्या माफीचा विषय त्याने कधी निघू दिला नाही. मी तोंड उघडलं की म्हणायचा, "पाना दे तो, दहा-अकराचा." पाच वर्षं असं चाललं...

महिन्यापूर्वी अंधेरीच्या एका हॉलमध्ये टॅक्सीवाल्यांनी शोकसभा ठेवली. माइकवर वर्कशॉपचे मालक. म्हणाले, "साळवे आमच्याच हाताखाली घडला. साधा, सज्जन माणूस. पुढे स्वखुशीने स्वतंत्र झाला. त्याचा फोटो आम्ही आमच्या वर्कशॉपमध्ये लावणार आहोत." टाळ्या वाजल्या. स्वखुशीने! मी खुर्चीतून अर्धा उठलो. आणि बसलो. मालकांना खोटं पाडायचं तर आधी मी काय केलं ते सांगावं लागलं असतं. भर बाजारात कुणाच्या बापाला न घाबरणारा मी, तिथे गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी गोवंडीला गेलो. साळवेवहिनींनी फोटो भिंतीवरून काढून वर्तमानपत्रात बांधून ठेवला होता. वर्कशॉपचा माणूस न्यायला येणार होता. "मोठ्या ठिकाणी लागतोय," त्या म्हणाल्या. "ह्यांनी ती नोकरी स्वतः सोडली तेव्हा मी किती भांडले होते! चार वर्षांची पोरगी पदरात. विचारलं, का सोडली? म्हणाले, कंटाळा आला."

म्हणजे त्याने घरीसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. तारा, कागद, केबिन, सोमवार. मालकांच्या वाट्याचं सांगितलं, माझ्या वाट्याचंही. एक शब्द कमी केला नाही. वहिनी उठल्या, फोटोची सुतळी सोडली, कागद बाजूला टाकला आणि फोटो पुन्हा खिळ्याला अडकवला.

"न्यायला माणूस येईल त्याला काय सांगायचं?" मी विचारलं.

"त्याला मी बघते. हे तुम्ही त्या हॉलमध्ये का नाही बोललात, भावजी?"

मी खाली पडलेली सुतळी उचलून बोटाला गुंडाळायला लागलो.

"मग आता लिहा. तिथे टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांना वाचता येईल असं लिहा. तुमच्या नावाने."

फोटो एका बाजूला कलला होता. तो सरळ करायला मी हात पुढे केला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "आधी लिहा."