दमा नसलेली प्रीतल

अर्नाळ्याच्या बंदरावर सुकी मासळी विकणारी सुझान तशी बडबडी. पण मुलीच्या आजाराचं ती असं सांगते, जणू दुसऱ्या कुणाच्या घरातलं.

प्रीतल नऊ वर्षांची असताना तिला फिट आली. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. पंधरवड्यात ताप चढला, तोंड आलं, डोळे चिकटले आणि अंगाची कातडी पापुद्र्यांनी सुटू लागली. त्या औषधाचीच रिॲक्शन होती. मुंबईच्या इस्पितळात पोर कशीबशी वाचली. नवी कातडी धरली तेव्हा सुझानने वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणबत्ती लावली आणि सुटलो म्हणाली.

दोन महिन्यांत खोकला लागला. वाळूतून चालताना प्रीतल मध्येच थांबायची. जवळच्या डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला. फरक पडेना.

"पंपाला येल लागंल," नवरा बेसिल म्हणाला.

सुझानने सासूचा दमा पाहिला होता. तो चढायचा, उतरायचा. पोरीची धाप उतरतच नव्हती. ती तिला घेऊन पुन्हा मुंबईला गेली.

छातीचा स्कॅन बघून तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा दमा नाही. कातडी सोलली, तसं फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांचं अस्तरही सोललं गेलं. ते भरून येताना नळ्या आक्रसल्या. फार क्वचित होतं असं."

"मंग मोकल्या कवा व्हतील?"

"आक्रसल्या त्या होणार नाहीत. उरलेल्या सांभाळायच्या."

सुझानने मान हलवली. खाली येऊन पोरीला वडापाव घेऊन दिला. स्वतः खाल्ला नाही.

मग घरातली चूल गेली, गॅस आला. मासळी दारातून उचलून लांब वाळत घातली. तरी दर थंडीत एकदा इस्पितळ ठरलेलं.

आता प्रीतल अठराची आहे. बारावी झाली. टोपल्या आई उचलते, ही बसून विकते. दोन शब्दांत भाव सांगते, घासाघीस करत नाही. नालासोपाऱ्याहून येणाऱ्या बायकांना ती गर्विष्ठ वाटते. एकीने तसं तोंडावर म्हटलं, तेव्हा प्रीतल म्हणाली, "दम... वाचवते, काकी." बाईला वाटलं, थट्टाच करतेय.

परवा तपासणी झाली. फुंकण्याच्या यंत्रावरचा आकडा वर्षभरात वाढला नव्हता, घटलाही नव्हता. डॉक्टरीणबाई खूश होत्या.

"ह्या चांगला म्हनायचा का?" बेसिलने घरी विचारलं.

"डॉक्टरीण तसाच म्हनतान," सुझान म्हणाली आणि बोंबील उलटायला गेली.