लीलावहिनींचं नाक

शेजारच्या लीलावहिनी आंब्याच्या खोलीचं दार उघडत, क्षणभर उंबऱ्यावर थांबत आणि सांगत, "मागची आढी उद्या उलगडा." गवतात घातलेला हापूस कधी तयार झाला, ते त्यांना नुसत्या वासावरून कळे. सून ऋतिका सोलापूरची. तिला चिडवायच्या, "तुम्हा देशावरच्यांना हापूस काय नि बटाटा काय."

गेल्या मे महिन्यात त्याच म्हणाल्या, "अजून चार दिवस राहू दे." मागून त्यांचे यजमान श्यामभाऊजी आत गेले आणि नाकाला पंचा लावून बाहेर आले.

"अगं, अर्धी आढी कुजली. वास नाही आला तुला?"

"करोनाने नेला हो माझा वास. आता मेला डोळ्यांनीच बघायचा आंबा."

करोनाने नेलेला वास म्हणजे आमच्या आळीत कुणी दचकावं अशी गोष्ट नव्हती. ऋतिकाच तेवढी थांबली. "आई, तो परत आला होता. नंतरच्या गणपतीत हळदीच्या पानाचा वास आला, म्हणून तुम्हीच मोदक उतरवायला सांगितलेत."

रोज सकाळी डोकंही दुखे. ते पित्ताचं धरून वहिनी आमसुलाचं पाणी पीत होत्या.

डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून एकेका नाकपुडीशी कॉफी धरली, लवंग धरली. मग डोळे तपासले, एमआरआय काढला. कपाळामागे, वासाच्या नसांवर, आंब्याच्या बाठ्याएवढी गाठ होती.

"कॅन्सरची वाटत नाही, मेंदूच्या आवरणाची आहे," डॉक्टर म्हणाले. "पण काढली नाही तर डोळ्यांच्या नसा दाबून नजर जाईल."

"काढल्यावर वास येईल?"

"ती आशा धरू नका."

घरी येऊन वहिनी म्हणाल्या, "मग डोकं कशाला फोडून घेऊ? नाकाशिवाय त्या खोलीत माझं काय काम?"

"मला बघायला तरी डोळे राहू देत," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही चपला फरफटत येता, त्यावरून कळतं."

तरी गेल्या. कोल्हापूरला ऑपरेशन झालं, गाठ साधीच निघाली. नजर राहिली. वास नाही आला.

यंदा आढ्या लागल्या तरी वहिनी त्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. शेवटी ऋतिकाच एक फळ घेऊन ओटीवर आली. "आई, गोड वास येतोय. काढू?"

"गोड सगळेच येतात गो. देठाशी नाक ने. चिकाचा कच्चा वास उरलाय?"

तिने पुन्हा हुंगलं. "थोडासा."

वहिनींनी फळ हातात घेतलं, देठाजवळ अंगठा हलकेच दाबला आणि उठल्या. "चल, खालचे बघू. तू हुंग, मी दाबते."